कमरेएवढ्या उंचीवरची निळी पट्टी

एकही अक्षर न वाचता तुम्ही तुमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात गोळ्यांच्या खिडकीपर्यंत पोहोचू शकाल का? घाईनं हो म्हणू नका. चष्मा काढून ठेवा, शाळेत शिकलेली बाराखडी विसरा, रांगेतल्या अनोळखी माणसाला विचारायची लाज वाटते असं समजा, आणि मग सांगा. हा प्रश्न मला वेळेवर विचारला गेला होता. माझ्या वडिलांनीच विचारला होता. मी तो कानाआड केला, आणि आमच्या भागातल्या दवाखान्यातल्या पाट्या मीच केल्या होत्या.

आमचं घर भोईवाड्यातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. पप्पा पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, जयंतीच्या कमानी, मोर्च्याचे फलक, सगळं त्यांनी हातानं रंगवलं. फ्लेक्स आला तसं काम आटलं, पण ब्रश त्यांनी सोडला नाही. आई पत्रकांची. ती बायकांच्या एका संघटनेत होती. पाणी, रेशन, पाळणाघर, जे अडेल त्यावर पत्रक निघायचं. मजकूर आमच्या घरात लिहिला जायचा, छपाई फणसवाडीतल्या एका छोट्या छापखान्यात व्हायची आणि घड्या घालायला पत्रकं पुन्हा आमच्याच घरी यायची. मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून जेवलेय, त्यावर डोकं ठेवून झोपलेय, आणि अंगणवाडीच्या आधी वाचायला शिकले तीही पत्रकावरूनच. सगळ्यात आधी ओळखता आलेला शब्द 'आई' नव्हता, 'मागण्या' होता. चांगलं पत्रक प्रश्नानं सुरू होतं आणि मागणीवर संपतं असं आई सांगायची. ते वळण हाताला बसलंय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पप्पांची पद्धत वेगळी होती. पाटी पूर्ण झाली की ते ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभे करायचे आणि गल्लीच्या टोकाला जायचे. तिथून मान खाली घालून, घाईत असलेल्या माणसासारखे चालत यायचे. पाटी आपणहून डोळ्यात शिरली तर ठीक. मग कोपऱ्यावर मिरची-कोथिंबीर विकणाऱ्या मावशींना बोलवायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणूनच बोलवायचे. "मावशी, इथे काय मिळतं सांगा." मावशींनी बरोबर सांगितलं तर खाली कोपऱ्यात सही. नाही सांगितलं तर पुन्हा शिडी. याला ते 'चालून बघणं' म्हणायचे. लहानपणी मला याची फार मजा वाटायची. मोठी झाल्यावर वाटायला लागलं की हा एका प्रेमळ माणसाचा छंद आहे.

मी चौथीत असताना आमच्या भागातल्या दवाखान्यातल्या एका सिस्टरनी पप्पांना बोलावून घेतलं. बायका चुकून ड्रेसिंगच्या खोलीसमोर तासभर बसतात आणि गोळ्यांची खिडकी बंद होते, अशी त्यांची तक्रार होती. पप्पांनी पाटी रंगवलीच नाही. त्यांनी दरवाज्यापासून भिंतीवर पट्ट्या ओढल्या. गोळ्यांच्या खिडकीपर्यंत निळी, बाळांच्या लशीच्या खोलीपर्यंत पिवळी, ड्रेसिंगला लाल. सुतळी निळीच्या पुडीत बुडवायची, दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत पकडून सोडायची; भिंतीवर फट्‌ करून सरळ रेघ उमटते. दुसरं टोक मी धरलं होतं. पट्टी कमरेएवढ्या उंचीवर घेतली. वर का नको, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, आजारी माणूस वर बघत नाही. ऑइलपेंटचे तीन हात दिले, इतके जाड की पट्टीच्या कडेला नख अडकायचं.

हे सगळं मला माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवते. मी अजाणतेपणी काही केलं नाही.

शिकून मी डिझाइनच्या कामाला लागले. आमचं ऑफिस दादरला, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. सात माणसं आणि एक मोठं टेबल. तिथे एके दिवशी सार्वजनिक दवाखान्यांचं काम आलं. सगळ्या दवाखान्यांना एकच चेहरा द्यायचा होता: एक बोधचिन्ह, दोन रंग, एक अक्षरवळण, दरवाज्यावरच्या नावापासून केस पेपरपर्यंत. सुरुवात ज्या दवाखान्यापासून होणार होती तो आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवरचा. त्या दिवशी मी बसमध्ये न बसता घरापर्यंत चालत आले, इतका आनंद झाला होता.

माझं म्हणणं तेव्हाही स्पष्ट होतं आणि आजही तेच आहे. गरिबाच्या वाट्याला येणारी गोष्ट कशीही दिसली तरी चालते, ही समजूत म्हणजे अपमान आहे. मॉलमधल्या चपलांच्या दुकानाला नीट पाटी मिळते, मग बाळंतिणीच्या खोलीला का नाही? पहिल्या आराखड्यात इंग्रजी वर आणि मराठी खाली, बारीक अक्षरात होतं. मी चार पानी टिपण लिहिलं, बैठकीत भांडले, आणि मराठी वर आलं. सर, म्हणजे आमचे ऑफिसप्रमुख, नंतर म्हणाले की तू टिपण दिलं नाहीस, निवेदन दिलंस. मला ते कौतुक वाटलं.

मग मी जे केलं ते पत्रकं वाचत वाढलेली मुलगीच करू जाणे. प्रत्येक पाटीवर मी शब्द भरले. नुसतं 'औषधे' मला पुरेना. 'औषध वितरण कक्ष', खाली वेळ, खाली कोणती कागदपत्रं लागतात, खाली तक्रार कुठे करायची. प्रवेशद्वारासमोरच्या मोठ्या भिंतीवर रुग्णांचे हक्क, अकरा कलमं, सुंदर करड्या अक्षरांत. पहिलं कलम मी स्वतः लिहिलं: 'येथून कोणालाही उपचाराविना परत पाठवले जाणार नाही.' आईला प्रिंट दाखवली तेव्हा तिनं ती दोनदा वाचली आणि पदरानं चष्मा पुसला.

आणि पाहणीच्या तक्त्यात, भिंतींच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात एक ओळ होती: 'जुने, फिकट झालेले रंगीत पट्टे काढून भिंती एकसंध कराव्यात.'

जेवताना मी हे पप्पांना सांगितलं. लपवलं नाही. वाटलं होतं त्यांना थोडं लागेल, पण ते समजून घेतील. ते भाताचा घास कालवत राहिले.

"चालून बघितलंस का?"

मी म्हटलं, बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत पंधरा जणांना दाखवलं, कोणाला काही अडचण आली नाही. उलट एकानं ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढून दिली. अभ्यासिकेत बसणारी ती मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. अख्ख्या भोईवाड्यात त्यांच्याइतकं भराभर वाचणारं दुसरं कोणी नसेल.

"म्हणजे वाचायला दिलंस," पप्पा म्हणाले, आणि आईकडे आमटी मागितली.

पाट्या लागल्या. भिंती पांढऱ्या झाल्या. फोटो निघाले. आमच्या मजल्यावरची पोरं हक्कांच्या भिंतीपुढे उभी राहून सेल्फी काढून आली.

आता शेजारच्या काकींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर येऊन थांबतं. काकी मालवणकडच्या. लग्न होऊन या चाळीत आल्या तेव्हा त्यांचे यजमान मिलमध्ये होते. त्यांच्या सासूनं माझ्या आजीच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. काकींनी आल्याच्या पहिल्याच गणपतीत आमच्याकडे मोदकांचं ताट पाठवलं, आणि ताट परत न्यायला स्वतः येऊन चहा पिऊन गेल्या. सासू आठ दिवस बोलली नाही म्हणे. त्या चहावर आमच्या दोन घरांचं नातं उभं आहे.

काकींना वाचता येत नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू. रक्तदाब आणि साखर, दोन्ही. दर पंधरा दिवसांनी बुधवारी त्या दवाखान्यात गोळ्या आणायला जातात. इस्त्रीची साडी, प्लॅस्टिकच्या पिशवीत केस पेपर, हातात छत्री, पाऊस असो नसो. गोळ्या घेतल्या की बाहेरच्या बाकावर ओळखीच्या बायकांशी गप्पा, मग बाजारातून बांगडे किंवा मांदेली, आणि बाराच्या आत घरी. सून कुरिअरच्या ऑफिसात, मुलगा बँकेबाहेर सिक्युरिटीला. आठवड्यातले बाकीचे दिवस काकी दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर चालतात. बुधवार तेवढा त्यांचा.

पाट्या लागल्यावर पहिल्या बुधवारी काकी रिकाम्या हातानं परत आल्या. खिडकी बंद होती म्हणाल्या. पुढच्या फेरीलाही तेच. मासळीही आणली नाही. तिसऱ्या आठवड्यात गॅलरीत कपडे वाळत घालताना त्यांना चक्कर आली आणि आईनं त्यांना धरून खाली बसवलं. डबा उघडून बघितला तर गोळ्यांची पाकिटं नुसती रिकामी, नीट घडी घालून ठेवलेली.

मुलगा घाबरला. चांगला मुलगा आहे तो. घाबरल्यावर चांगली मुलं जे करतात तेच त्यानं केलं, आईला आता एकटीला कुठेही पाठवायचं नाही असं ठरवलं. दवाखान्यात तो किंवा सून नेईल, रजा मिळेल तेव्हा. मासे ऑनलाइन येतात. काकी तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज येत राहिला. आमच्या मधली भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं. मग काकींचा आवाज आला.

"ह्यो एक बुधवार माका जाव दे. गावल्या नाय तर मगे तुझा काय ता ऐकतंय."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. बुधवारी सुट्टी घे म्हणाले. काकीबरोबर जाऊ नको, मागून जा. आणि काही झालं तरी मध्ये बोलू नको.

मी दहा पावलं मागे राहिले. काकी दवाखान्यात शिरल्या, छत्री डाव्या हातात घेतली, आणि उजवा हात न बघता भिंतीला लावला, कमरेएवढ्या उंचीवर. तेव्हा मला कळलं. त्या पट्टी डोळ्यांनी बघत नव्हत्या. गेली कित्येक वर्षं त्या पट्टीच्या कडेवर बोट ठेवून चालत होत्या, रंगाच्या त्या जाड कडेवर. हात गुळगुळीत पांढऱ्या भिंतीवरून थोडा पुढे गेला, थोडा मागे आला. एका वळणावर त्या थांबल्या, उलट फिरल्या, पुन्हा दरवाज्यापाशी आल्या. समोर माझी अकरा कलमं. त्या पहिल्या कलमाच्या बरोबर खाली उभ्या राहिल्या, पदरानं तोंड पुसलं आणि घराकडे वळल्या.

वळल्या त्या थेट माझ्यासमोर.

"तू हंय काय करतंस गो?"

मी म्हटलं, काकी, खिडकी उघडी आहे.

"माका म्हायत आसा ती उघडी आसा. ती माका गावाक नाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्या बापाशीची पट्टी खंय गेली?"

"मी काढायला लावली."

काकींनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "भिंत मात्र गोरी केलंस हां," म्हणाल्या, आणि माझा हात धरला. मी त्यांना खिडकीपर्यंत नेलं. दोन वळणं, वीस पावलं. माझ्या पाटीवर तिथे पाच ओळी होत्या, आणि त्यांच्या बाजूला बोटाला लागेल असं काहीही नव्हतं.

घरी मुलानं विचारलं, मिळाल्या का? मिळाल्या. एकटीच गेलीस ना? मी तोंड उघडणार होते. हो म्हटलं असतं तर चालून गेलं असतं. पण काकींनीच सांगून टाकलं की ही बरोबर होती. खोट्यानं मिळालेला बुधवार त्यांना नको होता. मुलगा म्हणाला, मग ठरलं, पुढच्या वेळी मी रजा टाकतो. माझ्याकडे पंधरा दिवस होते.

सरांनी ऐकून घेतलं, आणि तक्त्यातली माझीच ओळ माझ्यापुढे ठेवली. सगळ्या दवाखान्यांच्या पाट्या आणि रंग ठरवून देणारं आमचं मॅन्युअल मंजूर झालं होतं आणि त्यात पट्टी हा प्रकारच नव्हता. दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी परवानगी दिली तर बघू, इतकंच म्हणाले. मी घरी येऊन अर्ज लिहिला. तीन पानं झाली. आईनं वाचला आणि विचारलं, "यात मागणी कुठाय?" तिनं दोन पानं फाडली. उरलेल्या पानावर एवढंच राहिलं की वाचता न येणाऱ्या रुग्णांना खिडकी सापडत नाही, पट्टी परत रंगवू द्यावी, रंगवणारा तयार आहे.

मॅडमना ते पटेना. पाट्यांमुळे उलट सोय झालीय असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांनी गोळ्या देणाऱ्या फार्मासिस्टना साक्षीला बोलावलं. त्यांनीही दुजोरा दिला. रांग खरंच लहान झाली होती, काम लवकर उरकत होतं. मी विचारलं, कोण कोण येईनासं झालंय ते बघता येईल का? फार्मासिस्टनी रजिस्टर उघडलं आणि बोट खाली खाली नेत राहिले. म्हाताऱ्या बायकांच्या नावांपुढचे रकाने कोरे होते. मॅडमनी माझ्या अर्जावर लिहिलं, 'तात्पुरती परवानगी'. मला तो शब्द खटकला. पप्पा मात्र खूश झाले. सरकारी तात्पुरतं आपल्याला पुरून उरतं म्हणाले.

रविवारी, दवाखाना बंद असताना, आम्ही गेलो. पप्पांचे गुडघे आता वाकत नाहीत, त्यामुळे ते स्टुलावर बसले आणि सुतळीचं एक टोक धरलं. दुसरं मी. रंगावरून आमचं जुंपलं. मॅन्युअलमधला निळा वेगळा होता, फिका, शांत. मी हट्ट धरला की तोच हवा, नाहीतर हेच कारण दाखवून काढतील. पप्पांनी माझं रंगाचं कार्ड भिंतीला टेकवून धरायला लावलं आणि मला दरवाज्यात जाऊन उभं राहायला सांगितलं. कार्ड दिसेना. मग त्यांनी स्वतःचा डबा उघडला.

"तो आपला निळा आहे म्हणून," मी चिडवलं.

"दिसतो म्हणून," पप्पा म्हणाले. "आपला आहे ते नंतर."

सुतळी सोडणार तेवढ्यात काकी आल्या, मागून मुलगा. टॅक्सी त्यानंच केली होती. तो दरवाज्यात उभा राहिला, हाताची घडी घालून. काकींनी भिंतीवर हात ठेवून बघितला आणि सुतळी चार बोटं खाली घ्यायला सांगितली. मधल्या वर्षांत त्या तेवढ्या वाकल्या होत्या. पप्पांनी सुतळी खाली घेतली. तीन हात दिले. शेवटचा हात वाळायच्या आधी त्यांनी कडेनं ब्रशचं टोक पुन्हा एकदा फिरवलं, कड उठून यावी म्हणून. माझ्या सगळ्या शिक्षणात ही गोष्ट मला कोणी शिकवली नव्हती.

त्या बुधवारी मुलानं रजा घेतली होतीच. पप्पांनी त्याला दहा पावलांचा नियम समजावून सांगितला. मी आणि तो मागून गेलो. काकींनी छत्री डाव्या हातात घेतली. बोट पट्टीवर ठेवलं. पहिल्या वळणावर एक क्षण थांबल्या, आणि माझ्या शेजारून तो पुढे झाला. मी त्याची बाही धरली. काकी वळल्या. खिडकीपाशी पोहोचून त्यांनी केस पेपर आत सरकवला आणि मागे वळून न बघता म्हणाल्या, "दोघा जाणा आता कामाक जावा."

दुपारी आमच्या दारात चार बांगडे आले, ताटलीत, वर कागद झाकून. कागद म्हणजे आईचंच एक जुनं पत्रक होतं.

हे इथे संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. पिवळी आणि लाल पट्टी अजून परत आलेली नाही. माझं मॅन्युअल दुसऱ्या दवाखान्यांत जाणार आहे, आणि तिथेही कोणाच्या तरी वडिलांनी काहीतरी रंगवून ठेवलेलं असेल, जे माझी ती एक ओळ वाचून पांढरं केलं जाईल. मी मॅन्युअलला एक पान जोडून पाठवलंय. उत्तर आलेलं नाही. मी एकटी किती भिंतींवर चालून बघणार?

म्हणून मागणी एकच आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात, मजल्यावर, गल्लीत ज्यांना वाचता येत नाही किंवा आता दिसत नाही असं कोणीतरी आहेच. त्यांना कामासाठी कुठेतरी जायचंच असतं, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, पेन्शनच्या कचेरीत. पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर जाऊ नका. दहा पावलं मागे राहा. मदत करू नका, तोंड उघडू नका, फक्त त्यांचा हात कुठे जातो आणि पाय कुठे थांबतात ते बघा. ती जागा एका कागदावर लिहा, एकाच पानावर. मग त्यांना हवं तिथे नीट पोहोचवा, कागद तिथल्या साहेबांच्या टेबलावर ठेवा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.